एकट्या आईचा महिन्याचा हिशेब

नोकरी करून एकट्याने मूल वाढवणाऱ्या ब्रिटनमधल्या पालकाला सरकारकडून जी मदत मिळे, तिचे नाव बावीस वर्षे टॅक्स क्रेडिट होते. गॉर्डन ब्राऊन अर्थमंत्री असताना, एप्रिल २००३ मध्ये ती सुरू झाली आणि ५ एप्रिल २०२५ रोजी कायमची बंद झाली. तिची जागा घेतली युनिव्हर्सल क्रेडिटने. २०१२ च्या कायद्याने आलेली ही योजना २०१३ मध्ये मँचेस्टरजवळच्या ॲश्टन-अंडर-लाइन या गावात प्रथम लागू झाली. कमी पगाराला पूरक मदत, मुलांचा भत्ता, घरभाडे, बेकारी आणि आजारपणाचा भत्ता यांसह सहा वेगवेगळ्या मदती तिने एका खात्यात ओतल्या. कामाच्या व्हिसावर तिथे गेलेल्या मराठी माणसाला यातले काही मागता येत नाही, तशी अटच व्हिसावर असते. कायम वास्तव्याचा परवाना किंवा नागरिकत्व मिळाले की मात्र त्यालाही हेच नियम लागू होतात.

दोन्ही योजनांतला खरा फरक रकमेपेक्षा कालावधीचा आहे. टॅक्स क्रेडिटचा हिशेब वर्षाचा होता. मागल्या वर्षीच्या उत्पन्नावर रक्कम ठरे, पैसे दर आठवड्याला किंवा दर चार आठवड्यांनी खात्यात पडत आणि उत्पन्न वर्षात अडीच हजार पौंडांपर्यंत वाढले तरी त्याकडे काणाडोळा होई. दुखणे वर्षअखेरीस निघे. जास्त दिलेले पैसे परत मागणारी पत्रे येत, आणि तोवर ते पैसे खर्चून गेलेले असत. पहिल्याच वर्षी अशी जादा दिलेली रक्कम दोन अब्ज पौंडांच्या वर गेली होती. युनिव्हर्सल क्रेडिट दर महिन्याला नव्याने मोजले जाते. मालक पगाराची नोंद करखात्याकडे ऑनलाइन करतो आणि त्या आकड्यावरून त्या महिन्याची मदत ठरते. एकल पालकाने आठवड्याला किमान १६ तास काम केलेच पाहिजे ही जुनी अट गेली. मात्र तीन वर्षांवरील मूल असलेल्या, तुटपुंजी कमाई असलेल्या आईने आणखी काम शोधावे, अशी अपेक्षा नव्याने आली.

मोजणी अशी होते. मूल असलेल्या आणि भाड्यासाठीही मदत घेणाऱ्या पालकाची महिन्याची पहिली ४११ पौंड कमाई (२०२५-२६ चा दर) सोडून दिली जाते. त्यापुढच्या प्रत्येक पौंडामागे मदतीतून ५५ पेन्स कापले जातात. हातात १,२०० पौंड पगार येत असेल, तर ७८९ पौंडांवर ५५ टक्के म्हणजे सुमारे ४३४ पौंड वजा होतात. इथवर गणित सरळ आहे.

ते बिघडते पगाराच्या तारखेमुळे. मोजणीचा महिना ज्याने त्याने अर्ज केलेल्या दिवसापासून धरला जातो. पगार महिन्याच्या शेवटच्या दिवशी होत असेल आणि तो रविवारी आल्याने दोन दिवस आधी जमा झाला, तर एका महिन्यात दोन पगार दिसतात आणि दुसऱ्यात एकही नाही. दोन पगारांच्या महिन्यात ४११ ची सूट एकदाच मिळते, बिनपगाराच्या महिन्यातली वाया जाते. वरच्या उदाहरणात या एका चुकामुकीची किंमत २२६ पौंड होते. चार नोकरदार एकल मातांनी याविरुद्ध दाद मागितली. जून २०२० मध्ये अपील न्यायालयाने यावर तोडगा न काढणे तर्कविसंगत ठरवले आणि त्या वर्षअखेरीस नियम बदलला. दर चार आठवड्यांनी पगार घेणाऱ्यांना मात्र त्याचा उपयोग नाही. वर्षात त्यांचे तेरा पगार होतात, त्यामुळे एका महिन्यात दोन पगार येतातच. महिन्याचा पगार ही कचेरीतल्या माणसांची रीत आहे, हे योजना आखणाऱ्यांच्या लक्षात आलेले दिसत नाही.

पाळणाघराच्या बाबतीत नवी योजना कागदावर उदार आहे. जुनीत खर्चाच्या ७० टक्क्यांपर्यंत मदत होती, नवीत ८५ टक्के आहे. पण पैसे आधी भरायचे, पावती दाखवायची आणि मग परतफेड मिळवायची. नव्याने कामाला लागणाऱ्या आईला पहिली फी आगाऊ देण्याची सोय २०२३ मध्ये झाली.

बदलाचा सर्वांत कठीण टप्पा पहिले पाच आठवडे. एक महिना मोजणीचा, वर सात दिवस पैसे जमा होण्याचे. घरभाड्याची जुनी मदत या काळात आणखी दोन आठवडे चालू राही, टॅक्स क्रेडिट मात्र अर्जाबरोबर थांबे. उचल मिळते, पण ती पुढच्या दोन वर्षांच्या मदतीतून कापून घेतली जाते.

नव्या योजनेत कोण कसा आला, यावर पुष्कळ अवलंबून होते. सरकारची नोटीस येऊन तीन महिन्यांच्या मुदतीत अर्ज केला, तर जुन्या आणि नव्या रकमेतला फरक जादा भरून मिळे. सोळा हजार पौंडांहून अधिक बचत असलेल्यांना एरवी दार बंद असते. टॅक्स क्रेडिटवरून नोटिशीने आलेल्यांना त्यातही वर्षभर सूट मिळाली. आपणहून आधी अर्ज करणाऱ्याला, किंवा घर बदलल्याने नाइलाजाने यावे लागलेल्याला, यातले काहीच नव्हते. भरून दिलेला फरकही कायम राहत नाही. दरवर्षी दर वाढले किंवा भाड्याची मदत वाढली, की तेवढा तो घटतो. पाळणाघराची मदत वाढली तर मात्र घटत नाही. आणि एकट्या आईने जोडीदारासोबत संसार थाटला, की तो संपतो. पुढचा हिशेब दोघांचा मिळून, साध्या दराने होतो.