आकाशाचा अभ्यास आणि पोटाचा प्रश्न

दहावी-बारावीच्या मुलांपुढे करिअरचा विषय निघाला की आपली गाडी डॉक्टर, इंजिनिअर, फार तर यूपीएससीपर्यंत जाऊन थांबते. अशा वेळी एखादी मुलगी घरात म्हणाली, "अब्बा, मला चांद-ताऱ्यांचा अभ्यास करायचा आहे," तर दोन प्रश्न उभे राहतात. हे शिकून पोट भरेल का, हा पहिला. दुसरा जरा दबक्या आवाजात विचारला जातो : नुजूम तर आपल्यात मना आहे ना?

दुसऱ्याचा निकाल आधी लावू. ताऱ्यांवरून नशीब सांगणे हे ज्योतिष, आणि ते मनाच आहे. ताऱ्यांची गती, अंतर, तापमान मोजणे हे खगोलशास्त्र, ज्याला उर्दूत फलकियात म्हणतात. दोन्हींची गल्लत करू नये. नमाजच्या वेळा, किब्ल्याची दिशा, महिन्याचा चांद यांसाठी हे शास्त्र आपल्या बुजुर्गांनी मोठ्या मेहनतीने वाढवले. चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमय्या मशिदीत इब्न अश-शातिर 'मुवक्कित' होते, म्हणजे नमाजच्या वेळा गणिताने काढून देणारे. ग्रहांच्या गतीवरचे त्यांचे काम आजही अभ्यासले जाते. मशिदीच्या नोकरीत खगोलशास्त्रज्ञ! लांब कशाला, शेजारच्या हैदराबादेत नवाब जफर जंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वतःच्या पैशाने वेधशाळा उभारली. तीच पुढे निजामिया वेधशाळा झाली आणि उस्मानिया विद्यापीठाकडे आली.

आता पोटाचा प्रश्न. इथे गोड बोलून उपयोग नाही. 'खगोलशास्त्रज्ञ' अशी पाटी असलेल्या कायम जागा देशात थोड्याच आहेत. बीएस्सीची तीन-चार वर्षे, एमएस्सीची दोन, पीएचडीची पाच-सहा, त्यावर पोस्ट-डॉक. कायम नोकरी लागेपर्यंत तिशी उलटते. मुलगी असेल तर मध्येच लग्नाचा विषय येणार. हे सगळे घरात आधीच मोकळेपणाने बोललेले बरे. अर्ध्या वाटेवर "आता पुरे" म्हणण्यात दोन्हीकडून नुकसान आहे.

पण एक गोष्ट अनेक आईवडिलांना माहीतच नसते. सरकारी संशोधन संस्थांत पीएचडी करताना खर्चाचा भार घरावर पडत नाही, उलट विद्यार्थ्यालाच दरमहा फेलोशिप मिळते. जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये असा दर आहे. खासगी मेडिकल कॉलेजच्या फीसाठी घर गहाण टाकणाऱ्या माणसाने हा आकडा एकदा शांतपणे पाहावा.

दुसरे म्हणजे, या क्षेत्रात फक्त शास्त्रज्ञच लागतात असे नाही. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. त्या फिरवायला, त्यांचे रिसीव्हर दुरुस्त ठेवायला, आलेली माहिती साठवायला इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल आणि कॉम्प्युटरची माणसे लागतात. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही प्रयोगशाळा होत आहे. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, त्यांत निर्वात नळ्या आणि लेसर. मराठवाड्यातल्या आपल्या मुलांच्या अगदी दारात हे काम येत आहे. ते त्यांना बाहेरून बघायचे आहे की आत जाऊन करायचे आहे, हे आजच्या आठवी-नववीच्या वर्गांत ठरणार आहे.

सूर्याकडे गेलेले आदित्य-एल१ यान आठवा. सप्टेंबर २०२३ मध्ये ते निघाले. त्या मोहिमेच्या प्रकल्प संचालक निगार शाजी, तमिळनाडूतल्या सेंगोट्टै गावच्या, वडील शेतकरी. त्यांचे शिक्षण इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंगचे, आणि १९८७ पासून त्या इस्रोत. त्याच यानावरचा सूर्याची अतिनील किरणांतली छायाचित्रे घेणारा कॅमेरा आपल्या पुण्याच्या आयुका संस्थेने घडवला.

आणि ज्यांना संशोधनात जागा मिळत नाही त्यांचे काय? दुर्बिणीतून येणारी माहिती प्रचंड असते आणि तिच्यातला गोंगाट बाजूला करून नेमका इशारा शोधावा लागतो. हे करता करता विद्यार्थी प्रोग्रॅमिंग आणि संख्याशास्त्रात तयार होतो. बँका, विमा, सॉफ्टवेअर, उपग्रह-चित्रांवर काम करणाऱ्या कंपन्या यांना असेच लोक हवे असतात. शिवाय कॉलेजातली प्राध्यापकी, तारांगणे, विज्ञान केंद्रे आहेत. आमच्या शिक्षकी पेशात तर भौतिकशास्त्र नीट शिकवणाऱ्यांची वाण कायमच असते.

वाट मात्र अकरावीतच अडते. आपल्याकडे "मुलीला नीट द्यायची आहे" म्हणून गणित सोडून जीवशास्त्र घेतात. नीटमध्ये नंबर लागला नाही तर मग भौतिकशास्त्राचे दारही जवळजवळ बंद झालेले असते. म्हणून माझी विनंती, डॉक्टर व्हायचे असले तरी जमल्यास गणित ठेवा. बारावीनंतर आयसरसाठी आयसर ॲप्टिट्यूड टेस्ट, भुवनेश्वरची नायसर आणि मुंबई विद्यापीठातले सीईबीएस यांसाठी नेस्ट, तर तिरुवनंतपुरमच्या अंतराळ संस्थेसाठी जेईई ॲडव्हान्स्ड. यांतले काहीच जमले नाही तरी जवळच्या कॉलेजात भौतिकशास्त्रात बीएस्सी करून 'जॅम' देता येते आणि आयआयटीत एमएस्सी करता येते. ही वाट मला साध्या घरांसाठी सगळ्यात व्यवहार्य वाटते. तीन वर्षे मूल घरात राहते, खर्च कमी. पुढे आयुका आणि एनसीआरए या पुण्याच्या दोन्ही संस्था पीएचडीसाठी विद्यार्थी घेतात.

उर्दू माध्यमाच्या मुलांना इंग्रजीची धास्ती असते. ती नववीपासून विज्ञानाचे शब्द दोन्ही भाषांत पाठ केले तर बरीच कमी होते, हा वर्गातला अनुभव आहे. होमी भाभा केंद्राची खगोलशास्त्र ऑलिंपियाडही शालेय वयात देता येते. निवड झाली नाही तरी तयारी वाया जात नाही.

फेब्रुवारीच्या अखेरीस विज्ञान दिनाच्या निमित्ताने खोडदला मोठे विज्ञान प्रदर्शन भरते आणि त्या तबकड्या जवळून पाहता येतात. मुलांना घेऊन जा. तिथल्या इंजिनिअरांना पगारापासून हॉस्टेलपर्यंत काय विचारायचे, ते मुलांनाच आदल्या रात्री वहीत लिहून काढू द्या.