आकडा नवा, आलेख जुना

वेतनपत्रकात महागाई भत्त्याचा दर बदलावा, 'एंटर'ची कळ दाबावी आणि संगणक काही काळ थिजून बसावा, हा अनुभव अनेक कार्यालयांत नित्याचा आहे. हजारो ओळींचा तक्ता असला की प्रत्येक बदलानंतर अशीच प्रतीक्षा करावी लागते. मग एखादा जाणकार सहकारी एक्सेलमधील आपोआप होणारी आकडेमोड बंद करून देतो. काम झपाट्याने होऊ लागते. मात्र त्या सोयीबरोबर एक जबाबदारीही येते आणि तिचा विसर पडला तर चुकीचे पत्रक वरिष्ठांच्या टेबलावर पोहोचते.

समजा, भत्त्याचा दर ४६ वरून ५० टक्के केला. मूळ वेतन ५०,००० रुपये असलेल्या कर्मचाऱ्याचा भत्ता २३,००० वरून २५,००० रुपये व्हायला हवा. आकडेमोड 'मॅन्युअल' असेल तर दराच्या चौकटीत ५० दिसतील, पण भत्त्याच्या रकान्यात २३,००० च राहतील. त्याच वेळी एखादे सूत्र नव्याने लिहिले तर तेवढेच तत्काळ सोडवले जाते. परिणामी एकाच पानावर काही आकडे ताजे, तर काही शिळे असतात. पाहणाऱ्याला हा फरक सहसा जाणवत नाही.

संगणक का अडतो?

कोणती चौकट कोणत्या चौकटीवर अवलंबून आहे, याची नोंद एक्सेल ठेवतो. त्यामुळे एरवी बदललेल्या भागापुरतीच फेरआकडेमोड होते. 'नाऊ', 'टुडे', 'रँड', 'ऑफसेट' आणि 'इनडायरेक्ट' ही सूत्रे मात्र अपवाद आहेत. तक्त्यात कोठेही बदल झाला तरी ती आणि त्यांवर विसंबलेली सर्व सूत्रे पुन्हा सोडवली जातात. २००७ च्या आवृत्तीपासून एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात. एवढ्या विस्तारात अशी सूत्रे पसरली तर वेग मंदावणारच. म्हणून आकडेमोड बंद करण्यापूर्वी ही सूत्रे कमी करता येतात का, हे पाहणे श्रेयस्कर. अनेक ठिकाणी 'ऑफसेट'ऐवजी 'इंडेक्स' वापरता येते.

नियंत्रण आपल्या हाती

'फॉर्म्युलाज' या विभागातील 'कॅल्क्युलेशन ऑप्शन्स'मध्ये तीन पर्याय असतात: पूर्णतः आपोआप, 'डेटा टेबल' वगळून आपोआप आणि मॅन्युअल. मॅन्युअल पद्धतीत 'एफ ९' ही कळ दाबल्यावर उघडलेल्या सर्व फायलींतील बदललेला भाग सोडवला जातो. 'शिफ्ट'सह दाबल्यास केवळ समोरच्या पानाचा हिशेब होतो. 'कंट्रोल' आणि 'ऑल्ट'सह दाबल्यास बदल झालेला असो वा नसो, सर्व सूत्रे नव्याने सोडवली जातात. पडद्याच्या तळपट्टीवर 'कॅल्क्युलेट' हा शब्द दिसत असेल, तर हिशेब बाकी आहे असे समजावे.

खरा धोका आणखी वेगळा आहे. ही निवड एकेका फायलीपुरती मर्यादित नसते. त्या बैठकीत जी फाईल प्रथम उघडली जाते, तिची पद्धत नंतर उघडलेल्या सर्व फायलींना लागू होते आणि त्या जतन केल्या की त्यांतही तीच नोंदली जाते. सहकाऱ्याकडून आलेली एक 'मॅन्युअल' फाईल अशा रीतीने संपूर्ण विभागाच्या हिशेबात शिरकाव करू शकते.

आलेख का बदलत नाही?

आलेख स्वतः कोणतीही आकडेमोड करीत नाही. चौकटीत जे असेल, तेच तो रेखाटतो. हाताने भरलेला आकडा बदलला तर आलेख लगेच बदलतो. सूत्रावर आधारलेला आलेख मात्र 'एफ ९' दाबेपर्यंत जुनेच चित्र दाखवतो.

कळ दाबूनही आलेख बदलला नाही तर दोन गोष्टी तपासाव्यात. नव्या ओळी आलेखाच्या कक्षेबाहेर राहिल्या असतील, तर माहितीचे 'टेबल'मध्ये रूपांतर करावे. त्यामुळे ओळी वाढताच कक्षाही वाढते. आलेख 'पिव्हट'वर आधारलेला असेल तर 'एफ ९'चा उपयोग होत नाही. त्यासाठी 'डेटा' विभागातील 'रिफ्रेश ऑल' ही आज्ञा द्यावी लागते. येथे क्रम महत्त्वाचा ठरतो. पिव्हटची मूळ माहिती सूत्रांतून येत असेल तर आधी आकडेमोड आणि मग रिफ्रेश करावे. पिव्हटवर आधारित आणखी सूत्रे असतील, तर शेवटी पुन्हा एकदा 'एफ ९' दाबावे.

जतन करण्यापूर्वी फेरआकडेमोड करण्याची सोय मॅन्युअल पद्धतीत मुळातच चालू असते. ती बंद करू नये. मात्र जतन न करताच पत्रक छापले तर ही सोयही कामी येत नाही. म्हणून छपाईपूर्वी हिशेब पूर्ण करावा, एखादा आकडा स्वतंत्रपणे पडताळावा आणि काम संपताच आपोआप आकडेमोडीची पद्धत पूर्ववत करावी. संगणकाची काही सेकंदे वाचवण्यासाठी कुणाच्या पगारातले २,००० रुपये गहाळ होऊ नयेत, एवढी दक्षता पुरेशी आहे.