विश्लेषण : न्यूयॉर्कमधील लाकडी फ्लोअरिंगमुळे भाडेकरूचे डिपॉझिट का अडकते?

शिक्षण किंवा नोकरीसाठी न्यूयॉर्कला जाणाऱ्या मराठी तरुणांना तिथल्या घरांच्या जाहिरातींत ‘हार्डवूड फ्लोअर्स’ हे शब्द वारंवार दिसतात. शहाबादी, मोझॅक किंवा टाइल्सच्या फरशीची सवय असलेल्यांना हे फ्लोअरिंग देखणे वाटते. मात्र घर सोडताना डिपॉझिटमधून पैसे कापण्याचे कारणही अनेकदा हेच फ्लोअरिंग ठरते. भाडेकरूचे हक्क काय आणि काळजी काय घ्यावी, याचा हा आढावा.

लाकूड नाजूक का?

न्यूयॉर्कच्या जुन्या इमारतींमध्ये प्रामुख्याने ओकच्या लाकडी पट्ट्या दिसतात. लाकूड हवेतला ओलावा शोषते आणि सोडते. हिवाळ्यात हीटिंगमुळे घरातली हवा कोरडी होते, पट्ट्या आकसतात आणि त्यांच्यात फटी पडतात. उन्हाळ्यात या फटी बुजतात. हा दोष नव्हे, लाकडाचा गुणधर्म आहे. पाणी साचले तर मात्र पट्ट्यांच्या कडा वर उचलल्या जातात. ओकमध्ये टॅनिन असते. पाणी आणि लोखंड यांच्याशी त्याचा संयोग झाला, की काळे डाग पडतात. खिडकीशी ठेवलेल्या तुळशीच्या कुंडीखाली असे डाग हमखास सापडतात.

फरशीसारखे पुसले तर?

बादलीभर पाण्यात फडके बुडवून रोज फरशी पुसणे ही आपल्याकडची सवय. लाकडाला ती मानवत नाही. केर मऊ झाडूने काढावा आणि घट्ट पिळलेल्या, जेमतेम ओलसर फडक्याने पुसावे. वाफेचा मॉप टाळावा. खुर्च्या-टेबलांच्या पायांना फेल्टच्या चकत्या लावाव्यात. कुंडीखाली ताटली आणि तिच्याखाली स्टँड हवा. सांडलेले पाणी लगेच टिपावे.

‘८० टक्के गालिचा’ हा कायदा आहे का?

नाही. जमिनीचा ८० टक्के भाग गालिच्याने झाकावा, अशी अट न्यूयॉर्कमधल्या अनेक भाडेकरारांत असते. स्वयंपाकघर आणि बाथरूम त्यातून साधारणतः वगळलेले असतात. हा शहराचा कायदा नसून कराराची अट आहे. खालच्या मजल्यावर आवाज जाऊ नये, हा तिचा हेतू. मात्र करारावर सही केली, की ती बंधनकारक ठरते. खालच्या शेजाऱ्याने तक्रार केल्यास घरमालक याच अटीवर बोट ठेवतो. गालिच्यांचा खर्च भाडेकरूलाच करावा लागत असल्याने सहीपूर्वी ही अट शोधून वाचावी.

झीज कोणती, नुकसान कोणते?

डिपॉझिटचा वाद इथेच होतो. नेहमीच्या वापराने होणाऱ्या झिजेचे पैसे घरमालकाला कापता येत नाहीत. येण्या-जाण्याच्या वाटेवर उडालेली चमक, बारीक ओरखडे, उन्हाने फिका पडलेला रंग ही सर्वसाधारणपणे झीज मानली जाते. खोल खाचा, जळल्याच्या खुणा, साचलेल्या पाण्याने किंवा पाळीव प्राण्याच्या मूत्राने पडलेले डाग हे नुकसान ठरू शकते.

कायदा काय सांगतो?

न्यूयॉर्क राज्याने २०१९मध्ये भाडेकरू संरक्षणाचा कायदा कडक केला. त्यानुसार बहुतांश घरांसाठी डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. मुंबई-पुण्यात अनेक महिन्यांचे भाडे आगाऊ मोजणाऱ्यांना हा मोठा दिलासा वाटेल. सही झाल्यावर, राहायला येण्यापूर्वी घराची पाहणी करण्याची संधी घरमालकाने द्यायची असते. त्या वेळी आढळलेल्या त्रुटींची लेखी नोंद वाद झाल्यास पुरावा ठरते. घर सोडण्याआधीही भाडेकरू पाहणी मागू शकतो. ती मुदत संपण्यापूर्वी दोन आठवडे ते एक आठवडा या काळात होते. त्यात दाखवलेले दोष स्वतः दुरुस्त करण्याची संधी भाडेकरूला मिळते. घर सोडल्यावर १४ दिवसांत घरमालकाने कपातीचा तपशील आणि उरलेली रक्कम द्यायला हवी. ही मुदत चुकवली, तर डिपॉझिटमधून काहीही ठेवून घेण्याचा त्याचा हक्क जातो.

वाद मिटला नाही तर?

आधी लेखी मागणी करावी. उपयोग झाला नाही, तर शहराच्या स्मॉल क्लेम्स न्यायालयात १० हजार डॉलरपर्यंतचा दावा वकिलाविना दाखल करता येतो. तिथे पुरावा महत्त्वाचा. म्हणून सामान आत नेण्याआधी, रिकाम्या घरातच प्रत्येक खोलीच्या जमिनीचे फोटो आणि व्हिडीओ काढावेत. आधीचे डाग, ओरखडे आणि फटी जवळून टिपून ते त्याच दिवशी घरमालकाला ई-मेल करावेत. त्यावरची तारीखच पुढे कामी येते.