सेकंदाला ५४ लाख कोटी अणू

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या किनाऱ्यालगत जगातलं सर्वांत मोठं वाळूचं बेट आहे : गर्री, म्हणजे पूर्वीचं फ्रेझर आयलंड. तिथली पूर्वेकडची पुळण म्हणजे कायदेशीर रस्ताच. कुटुंबंच्या कुटुंबं कॅम्पर ट्रेलर ओढत ओल्या वाळूवरून जातात आणि 'माहेनो' पाहायला थांबतात. १९०५ साली बांधलेलं ५,००० टनांवरचं हे जहाज १९३५च्या वादळात इथे रुतलं. आता गंजका सांगाडा उरलाय. त्याचे फोटो काढणाऱ्यांच्या ट्रेलरखालीही तेच गंजण्याचं काम चालू असतं.

किती वेगाने? हवामानाच्या आंतरराष्ट्रीय श्रेणींपैकी सर्वांत कडक, खाऱ्या तुषारांच्या श्रेणीत उघडं पोलाद पहिल्या वर्षी निदान २०० मायक्रॉन झिजतं. म्हणजे ०.२ मिलिमीटर, ऐकायला किरकोळ. पण अणूंत मोजा : नखाएवढ्या एका चौरस सेंटिमीटरमधून दर सेकंदाला सुमारे ५४ लाख कोटी लोहअणू निसटतात. साधारण अर्ध्या मिनिटाला अणूंचा एक अख्खा थर!

त्यासमोर उभं असतं जस्त. १८३७ साली फ्रान्समध्ये स्तानिस्ला सोरेलने पेटंट घेतलेल्या पद्धतीने ट्रेलरचा पोलादी सांगाडा, म्हणजे चेसिस, सुमारे ४५० अंश सेल्सियसच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात. ३ ते ६ मिलिमीटर जाडीच्या पोलादावर थर बसतो सरासरी ७० मायक्रॉनचा, केसाइतका. चौरस मीटरला अर्धा किलो. समुद्रापासून दूर, कोरड्या मुलखात हा थर हिशेबाने शंभर वर्षंही पुरेल. त्या खाऱ्या तुषारांत मात्र तीन ते आठ वर्षं.

मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती चेसिसच्या पोकळ नळ्यांची. समुद्राच्या लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ असतं. दोन लिटर पाणी आत शिरून उडून गेलं, तरी ७० ग्रॅम मीठ मागे राहतं, आणि ते गंज चढवताना जवळपास खर्चच होत नाही. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांपुढे गेली, की ते स्वतःच हवेतलं पाणी ओढून घेतं. शेडमध्ये महिनोन्‌महिने उभा असलेला ट्रेलरही मग दमट रात्री आतून ओला होतो.

म्हणून नुसतं बाहेरून धुऊन भागत नाही. नळ्यांच्या तळाची भोकं वाळूने बुजली असतील तर आधी ती मोकळी करा, मग पाइप आत घालून गोडं पाणी सोडा. पूर्ण वाळल्यावर आत-बाहेर लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतलं चिकट मेण, फवारा. वेल्डिंगने जस्त जळालं असेल तिथे झिंकचा रंग लावा. हिशेबाने त्या ७० ग्रॅम मिठाला विरघळायला पाव लिटरही पाणी पुरतं, पण ते पाणी प्रत्येक कोपऱ्यात पोचायला हवं. तेव्हा नळ दहा मिनिटं चालूच ठेवा.