एका बाटलीवरून नळाचं पाणी 'योग्य' ठरतं का?

समजा, अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या एका नळाचं पाणी तुम्ही बाटलीत भरलं, लॅबमध्ये दिलं आणि काही दिवसांनी रिपोर्ट आला: 'पिण्यास योग्य'. आता प्रबंधात काय लिहाल? 'बुवापाड्यातलं पाणी सुरक्षित आहे'? जरा थांबा. त्या रिपोर्टवरून एवढंच कळतं की त्या नळाचं, त्या वेळेचं पाणी, जेवढे घटक तपासले तेवढ्यांच्या बाबतीत मर्यादेत होतं. बाकीचं सगळं आपण आपल्या मनाने जोडतो.

पाण्यावर प्रोजेक्ट करू पाहणारे बरेच जण 'अमुक शहरातील पिण्याच्या पाण्याच्या गुणवत्तेचा अभ्यास' असं शीर्षक घेऊन येतात. हा विषय झाला, प्रश्न नाही. विषयातून प्रश्न कसा काढायचा, ते आज आपल्याच उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्याचं उदाहरण घेऊन बघू.

१. पाणी येतं कुठून?

ही तीन शहरं एकमेकांना इतकी चिकटलेली आहेत की एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं ते कळत नाही. पाण्याची व्यवस्था मात्र एक नाही. अंबरनाथ आणि बदलापूरला महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पाणी देतं. त्याचा मुख्य आधार म्हणजे उल्हास नदीवरचं बदलापूरचं बॅरेज. अंबरनाथच्या काही भागाला चिखलोली धरणाचं पाणी मिळतं. उल्हासनगरला पाणी देते एमआयडीसी. म्हणजे रस्त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा नळ वेगवेगळ्या व्यवस्थेचा असू शकतो. अशा दोन नळांची सरासरी काढली तर ती कुठल्याच पाण्याची नसते.

आता वालधुनीचं बघू. आपल्याकडे पाण्याचा विषय निघाला की पहिला शब्द येतो 'केमिकल', आणि बोट जातं वालधुनीकडे. ते उगाच नाही. काकोळ्याच्या डोंगरात उगम पावणारी ही छोटी नदी अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून वाहते, कारखान्यांचं आणि वस्त्यांचं सांडपाणी पोटात घेत उल्हासनगर ओलांडते आणि कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं आणि २०१५ मध्ये लवादाने त्यात मोठा दंडही ठोठावला.

पण नकाशा समोर ठेवा. बदलापूरचं बॅरेज नदीच्या वरच्या अंगाला आहे आणि वालधुनीचा संगम खालच्या अंगाला. पाणी उलटं चढत नाही. त्यामुळे वालधुनीतलं रसायन नदीच्या वाटेने बॅरेजमध्ये पोचणार नाही. बॅरेजच्या पाण्याची काळजी करायची तर वर बघायला हवं: कर्जत, नेरळ आणि काठावरच्या वाढत्या गृहसंकुलांचं सांडपाणी. वालधुनीकाठच्या विहिरी आणि बोअरवेल हा वेगळा प्रश्न आहे, तिथे जड धातू तपासायलाच हवेत.

प्रदूषणाच्या अभ्यासात तीन गोष्टींची साखळी जोडावी लागते: स्रोत, मार्ग आणि माणूस. मधला मार्ग दाखवता आला नाही, तर स्रोत कितीही घाण असला तरी आपला निष्कर्ष अर्धाच राहतो.

२. प्लँटमधून निघालेलं पाणी आणि नळातून पडलेलं पाणी

शुद्धीकरण केंद्रात तुरटी फिरते, गाळ बसतो, वाळूतून पाणी गाळलं जातं, शेवटी क्लोरीन मिसळतो. इथपर्यंत पाणी उत्तम असू शकतं. पुढे असतात कित्येक किलोमीटर पाइप.

आपल्याकडे पाणी 'येतं' आणि 'जातं'. पाणी येतं तेव्हा पाइपात दाब असतो, आणि गळती असेल तर पाणी बाहेर जातं. पाणी गेलं की दाब उतरतो आणि त्याच फटीतून बाहेरचं पाणी आत येऊ शकतं. पाइप गटाराला लागून किंवा गटारातूनच गेलेला असेल, तर बाहेरचं पाणी म्हणजे काय ते सांगायला नको. त्यात कुणी नळाला थेट मोटर लावली की पाइपात ओढ तयार होते आणि धोका आणखी वाढतो.

याचा छान अभ्यास हुबळी-धारवाडमध्ये झाला. तिथे शहराच्या काही भागात चोवीस तास पाणी आणि बाकी भागात ठरावीक वेळेलाच, अशी तुलना आयती उपलब्ध होती. एमिली कम्पेल आणि कारा नेल्सन यांनी वर्षभर सॅम्पल घेऊन २०१३ मध्ये निष्कर्ष छापले. टाक्यांपाशी दोन्हीकडचं पाणी सारखंच होतं. नळापाशी मात्र चोवीस तास पुरवठ्याच्या ०.७ टक्के सॅम्पलमध्ये ई. कोलाय सापडला, आणि ठरावीक वेळेच्या पुरवठ्यात ३१.७ टक्के सॅम्पलमध्ये. म्हणजे फरक पडला तो टाकी आणि नळ यांच्या मधल्या रस्त्यात. पुढची गंमत अशी की घरात भरून ठेवलेलं पिण्याचं पाणी दोन्हीकडे नळापेक्षा जास्त दूषित निघालं, कारण पाणी चोवीस तास आलं तरी लोकांची साठवायची सवय गेली नव्हती.

या अभ्यासाची ताकद महागड्या यंत्रात नाही. टाकी, नळ आणि घरातलं भांडं अशा तीन ठिकाणी मोजल्यामुळे बिघाड कुठे होतो ते कळलं. तुमच्या आराखड्यात निदान हे तीन थांबे असायला हवेत.

३. आपण जे मोजतो, ते कशाच्या बदल्यात मोजतो?

पाण्यातले सगळे रोगजंतू शोधणं कुणालाच परवडत नाही. म्हणून आपण ई. कोलाय शोधतो. तो विष्ठेतून येतो. तो दिसला म्हणजे मैला पाण्यात मिसळल्याची खूण मिळाली. आयएस १०५०० या भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात तो अजिबात सापडता कामा नये. दुसरी खूण म्हणजे नळापर्यंत शिल्लक राहिलेला क्लोरीन: लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम. आरोग्य कर्मचारी ओटी टेस्ट करतात ती याचसाठी. पाणी पिवळं झालं म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. प्लँटमध्ये घातलेला क्लोरीन नळापाशी गायब असेल, तर वाटेत त्याला काहीतरी 'खाऊन' गेलं असा संशय घ्यायला जागा आहे.

पण खूण ही खूणच. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेच्या पाण्यात मैलापाणी मिसळलं. धोका ओळखून क्लोरीन वाढवला गेला. जिवाणूंचे आजार फारसे वाढले नाहीत, पण सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. त्या वेळचं क्लोरिनेशन जिवाणूंना पुरलं, विषाणूला नाही. ही साथ नेमकी कशाची, ते कळायला बरीच वर्षं लागली. साठवून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून १९८० मध्ये दाखवलं गेलं की ती हिपॅटायटिस ए किंवा बी नव्हती. त्या संशोधनात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतले शास्त्रज्ञही होते. आज तो विषाणू आपण हिपॅटायटिस ई म्हणून ओळखतो. धडा एवढाच: 'ई. कोलाय आढळला नाही' याचा अर्थ 'काहीच नाही' असा होत नाही.

४. टीडीएस मीटरचा गोंधळ

फिल्टर विकणारा मीटर पाण्यात बुडवतो, आकडा दाखवतो आणि घरातले घाबरतात. तो मीटर खरं तर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. मानकात टीडीएसची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. शिसं किंवा आर्सेनिकची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे पन्नास हजार पट कमी. एवढ्याशा शिशाने मीटरचा आकडा हलणारही नाही. जंतू तर त्याला दिसतच नाहीत. टीडीएस ५०० पेक्षा कमी असेल तिथे आरओ वापरायला बंदी करावी, असं हरित लवादाने २०१९ मध्ये सरकारला सांगितलं होतं.

आणि आरओ म्हणजे निर्धोक असंही नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गिलियन-बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू सापडला. नंतरच्या तपासणीत त्या भागातल्या काही खासगी आरओ प्रकल्पांचं पाणीही पिण्यायोग्य निघालं नाही आणि महापालिकेने ते बंद केले. हा जिवाणू क्लोरीनपुढे टिकत नाही. आरओमधून निघालेल्या पाण्यात मात्र क्लोरीन उरत नाही, त्यामुळे पुढे कॅन किंवा टाकी दूषित असली तर त्या पाण्याला कसलंच संरक्षण नसतं.

५. किती बाटल्या आणि कशा?

समजा एखाद्या वस्तीत दर दहा सॅम्पलमागे एक खरोखर दूषित आहे. तुम्ही दहा सॅम्पल घेतले, तर दहाही स्वच्छ निघण्याची शक्यता किती? ०.९ चा दहावा घात, म्हणजे जवळपास ३५ टक्के. तीस घेतले तर ती ४ टक्क्यांवर येते. म्हणून तीसही स्वच्छ आले तरी फार तर 'दूषित सॅम्पलचं प्रमाण बहुधा १० टक्क्यांपेक्षा कमी आहे' एवढंच म्हणता येतं. 'शून्य आहे' असं नाही.

वेळही महत्त्वाची. पाणी आल्या आल्या पहिला लोट येतो, त्यात पाइपात शिरलेली घाण असते. नळ पाच मिनिटं सोडून मग बाटली भरली तर वेगळं उत्तर मिळेल. दोन्ही उत्तरं खरी, पण प्रश्न वेगळे. पावसाळा आणि उन्हाळा यांचंही तसंच.

बाटलीसुद्धा एकच चालत नाही. जंतूंसाठी निर्जंतुक बाटलीत सोडियम थायोसल्फेट लागतं, नाहीतर पाण्यातला क्लोरीन लॅबपर्यंतच्या प्रवासात जंतू मारत राहतो आणि रिपोर्ट खोटाच स्वच्छ येतो. ही बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. धातूंसाठी वेगळी बाटली, त्यात नायट्रिक आम्ल. क्लोरीन मात्र नळापाशीच, उभ्या उभ्या मोजायचा.

मग प्रश्न कसा लिहायचा?

'बुवापाड्यातील पाण्याची गुणवत्ता' याऐवजी असं लिहून बघा: 'पाणी आल्यानंतरची पहिली पाच मिनिटं आणि त्यानंतर, टाकी, नळ आणि घरातलं भांडं यांच्यात उरलेला क्लोरीन आणि ई. कोलाय किती बदलतो, आणि पावसाळ्यात हा फरक वाढतो का?' आता यात ठिकाण आहे, वेळ आहे, घटक आहेत, आणि उत्तर 'नाही' येण्याची शक्यताही आहे. 'नाही' येऊ शकत नसेल तर तो संशोधनाचा प्रश्नच नाही.

हे काटेकोरपण केवळ व्हायव्हासाठी नको. 'योग्य' असा एक कागद एखाद्या चाळीची महिनाभराची तक्रार बंद करू शकतो. 'अयोग्य' असा अर्धवट कागद त्याच घरांना हजारो रुपयांचं मशीन घ्यायला लावू शकतो, जेव्हा खरी गरज पाइपाचा एक सांधा बदलायची असते. म्हणून निष्कर्षात काय तपासलं याच्या शेजारी काय तपासलं नाही तेही लिहा. आणि सॅम्पल घेताना पाणी गढूळ दिसलं किंवा ओटी टेस्टला रंग आला नाही, तर रिपोर्टची वाट न बघता त्या घरात सांगून या: आजपासून पाणी उकळून प्या.