आधी चाक हातानं फिरवून बघ



आम्ही पॉइंट कुकला राहायला आल्यापासून घरी कुणी आलं की त्यांना हवाई दलाचं संग्रहालय दाखवायचं हे ठरलेलंच. ह्याच मैदानावरून १ मार्च १९१४ रोजी एरिक हॅरिसन ह्यांनी ऑस्ट्रेलियाचं पहिलं लष्करी विमान उडवलं. गेल्या सुट्टीत नातवाला घेऊन गेलो होतो. परतताना एक मोटारसायकल कान फाडत गेली. मी म्हटलं, "ह्याचा सायलेन्सर फुटलाय." नातू हसला. "आजोबा, सायलेन्सर बंदुकीला असतो!"

दोघंही बरोबर होतो. मशीनगन बनवणारे हायरम मॅक्सिम आवाजानं पुढे ठार बहिरे झाले. त्यांचा मुलगा हायरम पर्सी मॅक्सिम ह्यानं १९०९ साली बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं. तीच युक्ती मोटारीच्या इंजिनालाही चालते. तापलेला वायू एकदम बाहेर न सोडता लहान लहान कप्प्यांतून फिरवायचा, म्हणजे तो पसरतो, निवतो आणि धडाका कमी होतो. सिनेमातल्यासारखा नुसता "फुस्स" आवाज मात्र होत नाही. साधारण २० ते ३५ डेसिबल कमी होतात, एवढंच. शिवाय गोळी आवाजापेक्षा वेगानं गेली तर तिचा कडाका राहतोच.

फरक एकच. मोटारीच्या सायलेन्सरमधून फक्त धूर जातो, बंदुकीच्या सायलेन्सरमधून गोळीही जाते. प्रत्येक कप्प्याच्या पडद्याला मध्ये भोक असतं आणि गोळीभोवती फट जेमतेम अर्धा-एक मिलिमीटर. सायलेन्सर २०० मिलिमीटर लांब असेल आणि एक अंश वाकडा बसला, तर पुढच्या टोकाला साडेतीन मिलिमीटर सरकतो. मग गोळी पडद्यावर आदळते, सायलेन्सर फुटतो, तुकडे कुणालाही लागू शकतात.

वाकडा का बसतो? मी जन्मभर लेथवर काम केलं, म्हणून हे मला लगेच कळलं. लांब नळीला भोक पाडताना ड्रिल थोडं भरकटतं. त्यामुळे बाहेरची गोलाई आणि आतलं भोक ह्यांचा मध्य एकच असेल असं नाही. आटे बाहेरची गोलाई धरून पाडले तर चूक तिथंच झाली. ते आतल्या भोकाचा मध्य धरूनच पाडायचे. पोरवयात एका कारखान्यात मी नेमकी हीच चूक केली होती. बंदूक नव्हती, साधा पाइप होता. फोरमननं तो माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "सळई घालून बघ." बघितलं आणि मान खाली घातली.

बंदुकीचीही तपासणी अशीच असते. आधी बंदूक रिकामी आहे हे दोनदा बघायचं आणि बोल्ट काढून ठेवायचा. आटे आणि टेकायची जागा पुसायची, कारण कचऱ्याचा एक कणही तिरपेपणा आणतो. मग नळीत घट्ट सरकणारी, अगदी सरळ घासलेली पोलादी सळई सायलेन्सरच्या टोकापर्यंत घालायची. सळईभोवती फट सगळीकडून सारखी दिसली तर ठीक. एका बाजूला कमी दिसली तर सळई फिरवायची. फट सळईबरोबर फिरली तर सळईच वाकडी. जागची हलली नाही तर दोष आट्यांचा किंवा सायलेन्सरचा. मग गोळी झाडायचीच नाही, बंदूक कारागिराकडे न्यायची.

मुलांनो, हे घरी करून बघायचं नाही बरं का! शेजारच्या न्यूझीलंडमध्ये शिकारी सायलेन्सर सर्रास वापरतात, पण आपल्या व्हिक्टोरियात परवानगीशिवाय तो जवळ ठेवणंसुद्धा गुन्हा आहे.

घरी करून बघण्यासारखं दुसरं आहे. माझी आई शिवणयंत्राची सुई बदलली की पायटा मारण्याआधी चाक हातानं सावकाश फिरवायची. सुई भोकातून सरळ गेली तरच पायटा. सुई जरा वाकडी असली की पट्टीवर आपटून मोडायची आणि तुकडा डोळ्याकडे उडायचा. आई म्हणायची, "हातानं फिरवायला किती वेळ लागतो रे? डोळा परत येतो का?"

त्या संध्याकाळी नातवानं आजीच्या यंत्राला नवी सुई लावली. मी काही बोललो नाही. त्यानं आपणहून चाकाला हात घातला, सावकाश फिरवलं, वाकून बघितलं आणि मगच म्हणाला, "आजी, आता चालव."