यवन-राण्यांच्या नाण्यांवरील नांवें व त्यांचा अर्थ

ग्रीक स्त्रीनामांचा अर्थ हा विषय आमच्या वाचकांस परका वाटेल. परंतु ज्यांच्या संग्रहीं यवनराजांचीं नाणीं आहेत त्यांस तो टाळतां येत नाहीं. इ. स. पू. पहिल्या शतकांत काबूलच्या खोऱ्यांत राज्य करणाऱ्या हर्मियस राजाच्या कांहीं रुप्याच्या नाण्यांवर पुढील बाजूस राजा व राणी यांच्या अर्धप्रतिमा एकमेकींस लागून कोरलेल्या आहेत. मागील बाजूस घोडेस्वार असून खरोष्ठी लेख 'महरजस त्रतरस हेरमयस कलियपय' असा आहे. शेवटचें पद षष्ठ्यन्त असून तें राणीचें नांव होय. खरोष्ठींत दीर्घ स्वर सहसा दाखवीत नाहींत. तेव्हां केवळ याच बाजूवरून विग्रह करूं जाणारा 'कलि' शब्दाच्या मागें लागावयाचा! पुढील बाजूचीं ग्रीक अक्षरें पाहिलीं म्हणजे नांव कॅलिओपी असें निश्चित होतें.

कॅलिओपी ही हेसिअडनें वर्णिलेल्या नऊ काव्यदेवतांत श्रेष्ठ. नांवाचें पूर्वपद 'सुंदर' या अर्थाचें, व उत्तरपद 'ओप्स' म्हणजे वाणी. हा 'ओप्स' आपल्या 'वाच्' शब्दाचें सख्खें भावंड आहे. आद्य वकार ग्रीकांत लोपला, आणि संस्कृतांतील चकाराच्या जागीं तेथें पकार आला. 'सच्' धातु व त्याच अर्थाचें ग्रीक 'हेपोमाइ' हें क्रियापद यांतहि हाच प्रकार दिसतो. तात्पर्य, राणीचें नांव 'सुवाणी'. पूर्वपदाचा 'कल्य', 'कल्याण' यांशीं कित्येक संबंध जोडतात. तो संभाव्य आहे, सिद्ध नव्हे.

युरोपी या पुराणप्रसिद्ध राजकन्येचें नांव देवनागरींत तसेंच संपतें. पण तेथील स्वर ओमेगा, म्हणजे दीर्घ, आणि कॅलिओपींतील ओमिक्रॉन, म्हणजे ऱ्हस्व. दीर्घ 'ओप्स' म्हणजे मुख अथवा नेत्र. त्याचें नातें 'अक्षि' शब्दाशीं. पूर्वपद 'उरु' शब्दाशीं जुळवून 'विशालमुखी' असा अर्थ करण्याचा प्रघात आहे, जरी कांहीं पंडित तें नांव मुळांत सेमिटिक मानतात. देवनागरींत ऱ्हस्व ओकारास निराळें चिन्ह नसल्यामुळें वाणी व मुख यांतील भेद लिप्यंतरांत बुडतो. सूचिपत्रें करणारांनीं मूळ स्वर कोणता तें निदान टीपेंत तरी नोंदवावें, अशी आमची विनंती आहे.

कथेवरून अर्थ काढणेंहि धोक्याचें. पँडोरा म्हणजे 'जिला सर्व देवांनीं देणग्या दिल्या ती' असें हेसिअड सांगतो. उत्तरपदांत 'दा' धातु आहे हें खरें. परंतु 'सर्व देणारी' असाहि विग्रह होतो, व त्या अर्थानें हें नांव पृथ्वीसहि लावीत. आमच्या पुराणकारांच्या निरुक्ती याहून फारशा निराळ्या नाहींत.

स्ट्रॅटोबरोबर नाणीं पाडणाऱ्या अ‍ॅगॅथोक्लिआ राणीचें नांव मात्र निर्विवाद आहे. 'अगाथोस्' म्हणजे चांगला, आणि 'क्लेओस्' म्हणजे कीर्ति. हा दुसरा शब्द अक्षरशः आपला 'श्रवस्'. तिला संस्कृतांत 'सुश्रवा' म्हणावें लागेल. त्या जोडनाण्यांवर तिचें नांव ग्रीक लेखांत आहे. खरोष्ठी लेख स्ट्रॅटोचा आहे. त्यामुळें ग्रीक बाजू झिजलेली असल्यास राणी हातची जाते, व नाणें एकट्या स्ट्रॅटोचें म्हणून नोंदलें जाण्याचा संभव असतो.